कोकणातला चाकरमानी आणि मागे राहिलेले घर

प्रश्न : दोन महायुद्धांच्या दरम्यान रत्नागिरीकडील खेडुतांचा चरितार्थ केवळ शेतीवर चालत असे काय?

उत्तर : नाही. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतील नाचणी-वरी आणि थोडेफार भात यांतून खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाटा गेल्यावर उरणारे धान्य बहुतेक कुळांना (त्याची जमीन कसणाऱ्यांना) वर्षभर पुरत नसे. म्हणून घरातील तरुण बोटीने मुंबईस जाऊन गिरणीत लागत, गाववाल्यांच्या सामाईक खोलीत दाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि उरलेले पैसे मनीऑर्डरने धाडत. मागे शेत कसणाऱ्या स्त्रियांचे कष्ट या हिशेबात क्वचितच धरले जातात, याचा मला खेद वाटतो. कारण १९२८ चा गिरणी संप सुमारे सहा महिने चालला, तेव्हा गावी परतलेल्या अनेक कामगारांना त्याच शेतीने तगवले. ज्या खोती पद्धतीने धान्याचा वाटा खोताकडे जाई, ती रद्द करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले.