बेळगाव-कोल्हापूरचा आकडा हाती घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. फेसबुकवरच्या मैत्रीवरून बेळगाव आणि कोल्हापूर यांचं नातं अभ्यासायचं ठरवलंस, मला फार बरं वाटलं. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, कोल्हापूर इकडे राहिलं. त्यावर भाषणं झाली, आंदोलनं झाली, दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. इतक्या वर्षांत माणसं एकमेकांना किती धरून राहिली, हे तुला बघायचंय. त्यासाठी लागेल तेवढा वेळ मी देईन.

पण पहिल्या पानावरचा ‘शहरं’ हा शब्द आधी खोड. तू जो मैत्री-निर्देशांक वापरणार आहेस, तो भारतासाठी जिल्हावार मिळतो. दोन जिल्ह्यांमधल्या फेसबुक मैत्रींची संख्या घ्यायची आणि दोन्हीकडच्या वापरकर्त्यांच्या संख्यांच्या गुणाकाराने भागायची, असं त्याचं गणित आहे. भागलं नाही तर पुणे आणि मुंबई सगळ्यांचेच जिवलग दिसतील. उत्तर १ ते १,००,००,००,००० या पट्टीवर बसवलेलं असतं, म्हणजे ती मैत्रींची मोजदाद नव्हे. एका जोडीचा आकडा दुसरीच्या दुप्पट असेल, तर तिथे मैत्री असण्याची शक्यता दुप्पट, इतकंच त्यातून म्हणता येतं.

आता नकाशा उघड. निपाणी बेळगाव जिल्ह्यात आहे, पण कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, पण त्याला बेळगाव कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. हा तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. जिल्हा तिकडे गेला तेव्हा एवढा एक तालुका काढून इकडे ठेवला. म्हणजे ‘बेळगाव-कोल्हापूर’ म्हणून जो आकडा तुझ्या तक्त्यात येईल, त्यात निपाणी-कागलची सोयरीक असेल, चंदगडकरांचं बेळगावातलं शिक्षण, दवाखाना, बाजार असेल. बेळगावच्या टिळकवाडीतल्या मुलाची कोल्हापूरच्या राजारामपुरीत मैत्रीण आहे का, हे त्यातून कळणार नाही. विषयाचं नाव ‘दोन शेजारी जिल्हे’ कर. शहरांबद्दल बोलायचं असेल तर ते हिंडून, विचारून मिळवावं लागेल.

आणि एकटा आकडा मुका असतो, त्याला शेजार दे. कोल्हापूरहून बेळगाव एकशे दहा किलोमीटरच्या आसपास. मोठा घाट नसलेला हायवे, पण मध्ये राज्याची हद्द. रत्नागिरी त्याहून थोडी लांब. हद्द नाही, पण मध्ये आंबा घाट. या दोन जोड्या शेजारी मांडल्यास की घाट जास्त तोडतो की हद्द, हा प्रश्न विचारता येतो. मला तुझ्या कामात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. जोडीला बेळगाव-धारवाड घे आणि कोल्हापूर-सांगलीही. युरोपच्या अशाच अभ्यासात एकेकाळी एका देशात असलेले प्रदेश, उदाहरणार्थ चेक आणि स्लोव्हाक, १९९३ मध्ये वेगळे होऊनही एकमेकांशी जास्त जोडलेले दिसले. आपल्याकडे काय दिसेल ते आधीच ठरवून बसू नकोस. तू सीमाभागातली आहेस, मन एका बाजूला ओढणारच, म्हणून सांगते.

एक चूक मी केली, ती तू करू नकोस. काही वर्षांपूर्वी मी एका खुल्या ग्रुपमधल्या सदस्यांची नावं उतरवून घेतली आणि आडनावांवरून मराठी किती, कन्नड किती अशी वाटणी केली. पाटील, देसाई, कुलकर्णी दोन्हीकडे आहेत, हे मला ठाऊक असूनही केली. तो तक्ता मी फाडून टाकला. चुकीचा होता म्हणून तर खरंच, पण त्या माणसांना न विचारता त्यांची नावं माझ्या वहीत आली होती, म्हणूनही. सीमाभागात अशी यादी कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही. तू बेरजा घे, नावं घेऊ नकोस.

चंदगड तालुक्यात, हद्दीवरच्या शिनोळीला रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या एका बाईंशी मी तासभर बोलत बसले होते. माहेर बेळगावजवळ, सासर चंदगड तालुक्यात. फेसबुकवर आहात का विचारलं, तर म्हणाल्या, “ते पोराचं. माझं नुसतं व्हॉट्सॲप.” पदराला पुसून फोन दाखवला. वरच ‘माहेर’ नावाचा ग्रुप, त्यात बहिणी, भावजया, आणि त्या सकाळी आलेला भाचीच्या लग्नपत्रिकेचा फोटो. हद्द ओलांडणारं इतकं जितंजागतं नातं, आणि आपल्या निर्देशांकात त्याची नोंद नाही. सीमेपलीकडच्या लग्नांमुळे सासर-माहेर करणाऱ्या अशा किती बायका तुझ्या आकड्याबाहेर राहतील, याचा विचार कर आणि ते प्रबंधात ठळकपणे लिही, तळटीपेत नको.

बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यात्रेचंही तसंच. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूरचे भाविक एसटी भरभरून रेणुकादेवीला जातात, तिथे राहतात, नैवेद्य करतात. पण जातात आपल्याच गल्लीतल्या माणसांबरोबर आणि येतातही त्यांच्याबरोबरच. पिढ्यान्‌पिढ्यांचं जाणं-येणं असूनही तिथे फेसबुकवरची मैत्री फारशी जमत नसावी. हे तपासून बघ. माझा तर्क चुकला तर मला आवडेल.

आकडेमोड सुरू करण्याआधी दोन दिवस चंदगडला जा. सकाळची बेळगावला जाणारी पहिली गाडी पकड आणि कोण कुठे उतरलं, कशासाठी निघालं, एवढंच विचारून लिहून आण. नाव विचारू नकोस. तो कागद आणि तुझा तक्ता घेऊन घरी ये, दोन्ही शेजारी ठेवून बसू.

तुझी,
बाई