आनुवंशिक अँजिओएडेमा (अचानक सूज येण्याचा, घराण्यात चालणारा आजार) असलेल्या बहिणीची अक्कलदाढ ठाण्यात क्लिनिकमध्येच काढली तर चालेल का?

माझ्या मते नको. नौपाड्यातलं क्लिनिक घराजवळ असेल, पण हे काम भूलतज्ज्ञ आणि आयसीयू असलेल्या रुग्णालयातच करा, तेही सकाळच्या वेळी. दाढ काढणं किरकोळ वाटतं, पण या आजारात तोंडातली छोटी इजाही घशाला सूज आणू शकते, कधी दीड-दोन दिवसांनी. म्हणून त्याच संध्याकाळी घरी पाठवायची घाई नको.

मुख्य मुद्दा असा की ही सूज ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच रसायनामुळे येते, ॲलर्जीमुळे नाही. त्यामुळे एव्हिल, स्टेरॉइड, अॅड्रेनलिन यांचा भरवसा नाही. (इमर्जन्सीत नेमकी हीच इंजेक्शनं आधी टोचतात!) प्रक्रियेच्या थोडं आधी सी१ इनहिबिटर (या आजारात कमी पडणारं प्रथिन) देणं सर्वात चांगलं. साधारण १००० युनिट, किंवा किलोमागे २०. ते मिळालं नाही तर प्लाझ्मा, किंवा पाच दिवस आधीपासून डॅनाझोल (हार्मोनसारखी गोळी); गरोदरपणात मात्र डॅनाझोल अजिबात नाही. सूज आलीच तर इकॅटिबंट (ब्रॅडिकायनिनला अडवणारं इंजेक्शन) हाताशी हवं, आणि ते आधीच मागवून ठेवावं लागतं.

बीपीची 'प्रिल'वाली गोळी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आत्ताच सांगा, त्यांनी ही सूज वाढू शकते. निदानाचा कागद फाइलमध्ये सर्वात वर लावा.