सोलापूरहून हत्तरसंग कुडलला एका दिवसात काय पाहावं? शिलालेख नीट कसा वाचावा?

अर्धा दिवस पुरतो. विजापूर रस्त्याने टाकळीपर्यंत जा, तिथून आत वळा. अंतर साधारण 40 किमी. भीमा-सीना संगमावर दोन मंदिरं आहेत. हरिहरेश्वरात मधोमध छत उघडं असलेला स्वर्गमंडप आणि 359 मुखांचं शिवलिंग आहे. लिंगाभोवती सावकाश फिरा. मुखांचे भाव एकसारखे नाहीत, हे समोर उभं राहून कळतच नाही.

शके 940 (इ.स. 1018) चा मराठी लेख संगमेश्वर मंदिरात, तुळईवर आहे. 'जो वाचील तो विजयी होईल' अशा अर्थाची ओळ त्यात आहे. मान वर करून नुसतं पाहिलं तर काहीच लागत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ समांतर, एका बाजूने धरा. खोदलेल्या रेषांत सावली पडून अक्षरं उठतात. समोरून फ्लॅश मारला की सावली जाते आणि फोटो सपाट येतो. अक्षरांत खडू, पीठ, तेल कृपा करून भरू नका. ते खाचांत बसतं आणि घासून काढताना दगडच झिजतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात सकाळी 10 च्या आत आटपा. अनवाणी पाय फरशीवर पोळतात, जाड मोजे ठेवा. पावसाळ्यात भीमेवरच्या उजनी धरणातून विसर्ग सुरू असेल तर जाऊच नका.