शेजाऱ्यांना वाय-फाय देताय? स्पीडचं नंतर बघा, जोडणी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

शेजारच्या काकू अर्धं बिल द्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे पेइंग गेस्ट मुलं आहेत, आणि त्यांचा स्पीड कसा आवरायचा एवढंच तुम्ही विचारलंय. आमच्या मजल्यावर अगदी हीच व्यवस्था होती, माणसंही अशीच भली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पीडची फार काळजी करू नका. राउटरमागे चार उपकरणं असोत की चौदा, बाहेर इंटरनेटवर साधारणपणे सगळ्यांचा मिळून एकच पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) दिसतो, आणि तो ज्याच्या कागदपत्रांवर जोडणी घेतली त्याच्या नावावर लागतो. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा दहशतवाद्यांचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचा त्यात काही हात नव्हता, पण चौकशी आधी त्यांचीच झाली.

आमचं प्रकरण त्यामानाने किरकोळ, पण मनस्ताप खूप झाला. एके दिवशी नेट बंद. चौकशी केल्यावर कळलं की आमच्या जोडणीवरून कुणाच्या तरी ईमेल खात्यांत घुसायचे प्रयत्न होतायत अशी तक्रार आलीय, म्हणून कंपनीने जोडणी रोखली. पेइंग गेस्टपैकी कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये व्हायरस असावा; त्या पोरालाही पत्ता नसणार. कोणत्या तारखेला, किती वाजता, हे सांगा म्हटलं, कारण वेळ कळली असती तर त्या वेळी कोण जोडलेलं होतं ते राउटरमध्ये पाहता आलं असतं. कंपनीच्या स्थानिक ऑफिसातल्या माणसाने ते सांगितलं नाहीच, उलट फोनवर म्हणाला, "आधी मागच्या भोकात पिन घालून राउटर रीसेट करा, मग बोलू." घरच्यांनी तसं केलं. जोडलेल्या उपकरणांची यादी, नोंदी, सगळं पुसलं गेलं. बहुतेक घरगुती राउटरमध्ये या नोंदी तात्पुरत्याच असतात, साधं बंद-चालू केलं तरी जातात. आणि मग त्याच ऑफिसने माझ्यापुढे कागद ठेवला: झाल्या प्रकाराला सर्वस्वी मी जबाबदार आहे, सही करा, तर जोडणी सुरू. पुरावा पुसायला यांनीच सांगायचं आणि जबाबदारी मात्र आमच्या गळ्यात! अजूनही आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा तक्रार आली तर रीसेटच्या आधी राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचे (जिथे जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते) फोटो काढा. ऑफिसात तोंडी बोलू नका, तक्रारीचा डॉकेट नंबर (नोंदीचा क्रमांक) मागा. दाद मिळाली नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, फी लागत नाही. काउंटरवरची माणसं हे आपणहून सांगत नाहीत.

मी वकील नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या अटी वेगळ्या. पण बऱ्याच कंपन्यांच्या अटींत जोडणी घराबाहेर द्यायला किंवा तिचे पैसे घ्यायला मनाई असते. अर्ज काढून वाचा. पैसे घेऊन रीतसर वाय-फाय द्यायचं असेल तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदारासारख्या छोट्या माणसाला परवाना किंवा नोंदणी फी लागत नाही. एका शेजाऱ्यासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. माझं स्पष्ट मत: पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या घराने स्वतःच्या नावावर जोडणी घ्यावी. मुलं दर सहा महिन्यांनी बदलतात, पासवर्ड मात्र फोनाफोनांतून फिरत राहतो.

तरीही द्यायचंच असेल, किंवा काकूंना नाही म्हणणं जड जात असेल (समजू शकतो), तर गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरवरचं, वेगळ्या नावाचं नि पासवर्डचं दुसरं वाय-फाय) चालू करा आणि ते फक्त त्यांच्यासाठीच ठेवा. आपल्या पाहुण्यांना त्यावर घेऊ नका. केबल टाकून त्यांच्याकडे दुसरा राउटर बसवायचा सल्ला कुणी देईल. नीट वेगळं न करता तसं केलंत तर त्यांच्याकडची उपकरणं तुमच्या प्रिंटर-कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकतात, आणि तुमच्या यादीत मात्र त्यांचा एकच राउटर दिसतो. मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) ब्लॉक करण्यातही वेळ घालवू नका: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा पत्ता दाखवतात. एखादा मुलगा खोली सोडून गेला की सरळ पासवर्ड बदला. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद ठेवा, आणि राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा मूळ पासवर्ड आजच बदला. तो बऱ्याचदा मागच्या स्टिकरवरच छापलेला असतो.

आता स्पीड. गेस्ट नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बँडविड्थची मर्यादा बऱ्याच राउटरना असते, कंपनीने दिलेल्या डब्यांत कधी कधी ती लपवलेली असते. 'अनलिमिटेड' प्लॅनचा महिन्याचा कोटाही बघून घ्या, पाच-सहा पोरं रोज व्हिडिओ बघायला लागली तर तो संपू शकतो. राउटरचं मॉडेल लिहा, सेटिंग कुठे सापडेल ते सांगतो.