बाबा पडतात म्हणून डीबीएस: एससीएसएस मोडायची का?

प्रश्न: बाबा ७१ वर्षांचे आहेत, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स. सहा महिन्यांत चार वेळा पडले. डीबीएस, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च १३ लाख सांगितलाय. त्यांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (एससीएसएस) अडीच वर्षांपूर्वी ठेवलेले १५ लाख आहेत, एफडी ८ लाखांची आणि आरोग्य विमा ५ लाखांचा. एससीएसएस मोडू का?

उत्तर: आधी हे बघा, की बाबा पडतात ते गोळीचा असर उतरल्यावर, की गोळी पूर्ण लागू असतानाही? पंधरा दिवस वहीत लिहा: गोळीची वेळ, पडल्याची वेळ. १३ लाखांचा निर्णय या वहीवर आहे.

डीबीएसने कंप, ताठरपणा, हालचालीतला मंदपणा कमी होतो. तोलाचं तसं नाही. लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य गोळीने, जी चाल सुधारते, साधारण तीच डीबीएसने सुधारते. गोळी लागू असतानाही जाणारा तोल बहुधा तसाच राहतो. उलट अंग मोकळं झालं की माणूस भराभर चालायला लागतो आणि जास्त पडतो, असंही होतं.

म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या लेव्होडोपा चाचणीत तोलाचे गुण वेगळे मागा. रात्रीपासून गोळ्या बंद ठेवून सकाळी हालचाल मोजतात, मग डोस देऊन पुन्हा. एकूण सुधारणा किमान एक तृतीयांश हवी. पण ती बेरीज हाताच्या हालचालींमुळेही वाढते. डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटक्याने ओढतात, त्या परीक्षेत गोळीनंतरही बाबा सावरत नसतील, तर पडणं थांबवण्यासाठी हे पैसे घालू नका. आणि हो, झोपलेलं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजून घ्या. वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर पडण्याचं एक कारण फुकटात सापडलं.

चाचणी अनुकूल निघाली तरीही मी एससीएसएसला हात लावणार नाही. अडीच वर्षांनी मोडल्यास मुद्दलाच्या १ टक्का, म्हणजे १५,००० रुपये कापले जातील. ते फार नाही. खरा तोटा दर तिमाहीला येणाऱ्या व्याजाचा. ८.२ टक्के दराने ते ३०,७५० रुपये होतं, आणि फिजिओथेरपी, मदतनीस, गोळ्या यातूनच भागायच्या आहेत. डीबीएसनंतर गोळ्या कमी होतात, पण सहसा सुटत नाहीत. शिवाय एससीएसएसमधून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं अख्खं बंद करावं लागतं.

विमा कंपनीकडून लेखी घ्या: डीबीएसला किती मर्यादा? आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या ठरावीक साच्याच्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. तुमच्याकडेही तशीच असेल तर अडीच लाख मिळतील. उरलेल्या साडेदहापैकी ७ लाख एफडीतून, साडेतीन भावंडांनी मिळून. एक लाख हाताशी राहू द्या. खर्च करणारा जुन्या करप्रणालीत असेल, तर ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावरची, ८०डीडीबी म्हणून ओळखली जाणारी वजावट ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत आहे. विम्याचे पैसे त्यातून वजा होतात आणि ४० टक्के अपंगत्वाची अट आहे.

त्या १३ लाखांत इलेक्ट्रोड चालवणारी कोणती बॅटरी आहे, हेही विचारा. चार्ज न होणारी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, तेव्हा पुन्हा काही लाख. चार्ज होणारी पंधरा वर्षं टिकते, पण महाग, आणि नियमित चार्जिंग कोण करणार हे आजच ठरवा. कागदपत्रांत बॅटरीचा प्रकार लिहिलेला नसेल तर सही करू नका.

चाचणी प्रतिकूल निघाली, तर बाथरूममध्ये दांडे, उंच कमोड, दाराशी पाय अडतात तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या आणि तोलाचे व्यायाम शिकवणारा फिजिओ, यावर खर्च करा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे चौकशी करा.

एक काम मात्र याच आठवड्यात. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, सही जुळत नाही आणि बँक चेक परत करते. बाबांना बँकेत नेऊन नवी सही नोंदवा, एफडीला आईचं नाव जोडा.