एकाच नंबरचे दोन टॉवर कसे?

प्रश्न : मॅडम, मी कराडला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनमध्ये नेटवर्कची माहिती दाखवणारं एक अ‍ॅप टाकलंय. हॉस्टेलवर 4जीचा ‘पीसीआय’, म्हणजे टॉवरचा ओळख-नंबर, 137 दिसतो. दिवाळीत चिपळूणला मामाकडे गेलो, तर तिथेही 137! एकच नंबर दोन टॉवरना कसा? आणि 5जीत हे नंबर हजाराच्या वर का नेले? – एक विद्यार्थी, कराड

उत्तर : दोन गावांतले नंबर तू ताडून पाहिलेस, याचा मला फार आनंद झाला. माझी वीस वर्षं रेडिओ नेटवर्क प्लॅनिंगमध्ये गेली, आणि त्यातले कितीतरी दिवस याच नंबरांच्या मागे फिरण्यात.

टॉवरवरच्या प्रत्येक सेक्टरला, म्हणजे एकेका दिशेला तोंड केलेल्या भागाला (त्यालाच सेल म्हणतात), जगात एकमेव असा लांबलचक क्रमांक असतोच. पण तो वाचायचा तर फोनला आधी त्या सेलशी वेळ जुळवून त्याची माहिती उलगडावी लागते. बोलणं चालू असताना एवढी सवड नसते. म्हणून हाकेला हा छोटा नंबर. 4जीत तो 0 ते 503, म्हणजे फक्त 504. तेच नंबर गावोगाव पुन्हा वापरावे लागतात.

इतके कमी का, ते नुकत्याच चालू केलेल्या फोनच्या जागी बसून बघ. त्याला वेळ माहीत नाही, सेल किती रुंद बँडवर चालतोय तेही माहीत नाही. त्याचा क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, दहा लाखांत 10 भागांनी चुकला, तर 1800 मेगाहर्ट्झवर ती चूक 18 किलोहर्ट्झची होते, आणि 4जीचा सबकॅरियर, म्हणजे सिग्नल ज्या बारीक पट्ट्यांत वाटलेला असतो त्यातली एक पट्टी, आहेच मुळी 15 किलोहर्ट्झचा. अशा वेळी 504 नमुने क्षणाक्षणाला ताडून पाहणं परवडत नाही. म्हणून ओळख दोन पायऱ्यांत होते. पहिला सिग्नल दर 5 मिलिसेकंदांनी, बँड कितीही रुंद असो, मधल्या 62 सबकॅरियरवरच येतो आणि त्याचे नमुने फक्त तीन. तो सापडला की वेळ जुळते. मग दुसरा सिग्नल 168 गटांपैकी एक सांगतो. तुझा 137 म्हणजे 45 वा गट आणि त्यातला 2 : 45 × 3 + 2. वारीत दिंडी शोधताना आपण आधी ‘रथापुढे की रथामागे’ विचारतो आणि मग क्रमांक, तसंच हे.

दुसऱ्या सिग्नलमध्ये एक खोच होती. त्यात 31 लांबीचे दोन कोड एकाआड एक विणलेले असतात. दोन सेलच्या सीमेवर उभा असलेला फोन दोघांचंही एकाच क्षणी ऐकतो. एकाचा पहिला कोड आणि दुसऱ्याचा दुसरा कोड उचलला, तर अस्तित्वातच नसलेला तिसरा सेल त्याला दिसेल! म्हणून दुसऱ्या कोडवर पहिल्यावरून ठरणारं आवरण चढवलं. चुकीची जोडी मग सहसा जुळत नाही. 5जीत ही वीणच काढून टाकली आणि 127 लांबीचा एकसंध क्रम घेतला.

5जीत सेल दाट आणि छोटे होणार हे धरून गट 336 केले, म्हणून नंबर 1008. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पहिल्या सिग्नलमधला बदल. 4जीत तो झाडॉफ-चू नावाच्या क्रमाचा असतो; त्यात फ्रिक्वेन्सीची चूक वेळेच्या चुकीसारखी दिसते, नमुना जुळल्याचा उंचवटा बाजूला सरकतो. 5जीत अधिक-उणे एकची 127 आकड्यांची एकच माळ आहे, ती 0, 43 आणि 86 घरं फिरवून तीन नमुने होतात. फ्रिक्वेन्सी एका सबकॅरियरने चुकली, तर माळ एक घर सरकल्यासारखी दिसते. 3.5 गिगाहर्ट्झवर मघाचीच चूक 35 किलोहर्ट्झची, सबकॅरियर 30 चा, म्हणजे जेमतेम एक घर. एका नमुन्याचा दुसरा वाटायला निदान 41 घरं (86 वरून फिरून पुन्हा 0 वर यायला तेवढीच लागतात), 1230 किलोहर्ट्झ चुकावं लागेल. किती देखणी रचना आहे ही!

आता तुझ्याच वाटेवरची गोष्ट. कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर कॉल हमखास तुटायचे. सिग्नल भरपूर, तरी तुटायचे. तीन दिवस ड्राइव्ह टेस्टची, म्हणजे जाता जाता सिग्नल मोजणारी, गाडी त्याच वळणावर वर-खाली केली. शेवटी फोनला शेजाऱ्याचा पूर्ण क्रमांक वाचायला लावला, तेव्हा उलगडा झाला. चालू सेलला 211 नंबरचे दोन शेजारी होते, एक खाली खोऱ्यात, दुसरा दूरच्या सड्यावर, म्हणजे उंच पठारावर. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरने अंतर मोजलं होतं, सड्याची उंची नाही. फोन खोऱ्यातला 211 जोरात ऐकू येतोय म्हणून कळवायचा, आणि नेटवर्क हँडओव्हरची, म्हणजे कॉल दुसऱ्या सेलकडे सोपवण्याची, तयारी सड्यावरच्या 211 शी करायचं. ते सॉफ्टवेअर जसंच्या तसं मान्य करणाऱ्यांत मीही होते, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या रस्त्याने रुग्णवाहिकाही जातात. सड्यावरच्याला 298 दिला. तीनाने भागून बाकी 1 च ठेवली, कारण ही बाकी म्हणजेच पहिल्या सिग्नलचा नमुना, आणि त्याच टॉवरच्या उरलेल्या दोन सेक्टरांकडे 0 आणि 2 होते.

तुझ्या दोन 137 च्या मध्ये सह्याद्री उभा आहे, त्यांची गाठ पडायची नाही. पुढच्या खेपेला मामाकडे जाताना एसटीत खिडकीशी बस, घाटात दिसेल तो प्रत्येक पीसीआय लिहून घे आणि तीनाने भागून बघ. एका टॉवरचे तीन सेक्टर तुला वहीतच सापडतील. वही पूर्ण झाली की मला पाठव.