टाकीतला समुद्र : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे दीडशे लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळ वाढवायची टाकी) आहे. त्यात क्लाउनफिश माशांची जोडी, आणि कोरल म्हणजे प्रवाळांपैकी झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर कोरल. टाकीचं पाणी बनवायला आजवर मित्राच्या डब्यातलं मीठ वापरत होतो, आता स्वतःचं घ्यायचंय. दुकानदार म्हणतो, 'प्रो' लिहिलेलंच घ्या, नाहीतर कोरल वाढणार नाहीत. बाबा म्हणतात, समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला? आणि आजीचं म्हणणं, शिरोड्याहून खडे मीठ आणवून देते. कोणाचं ऐकू? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी आजींचं बघू. शिरोड्याचं मीठ लोणच्याला उत्तम, टाकीला मात्र चालणार नाही, आणि याचं कारण मिठागरातच आहे. समुद्राचं पाणी उन्हाने आटायला लागलं की आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि त्यानंतर मिठाचे खडे धरतात. म्हणजे मीठ धरेपर्यंत कॅल्शियम बहुतेक मागच्या कोंडीतच राहिलेलं असतं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम जातं उरलेल्या कडवट पाण्यात, आणि ते पाणी सोडून देतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. खडे मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं तर खारटपणा येईल, पण हे दोन्ही परत येणार नाहीत. पिशवीतलं आयोडीनवालं मीठ तर नकोच, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेलं रसायनही असतं.

बाबांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. जानेवारी ते एप्रिल, भरतीच्या वेळी, होडीने आत जाऊन प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये आणलेलं पाणी गाळून वापरलं तर रीफ टाकीला चालतं. पण भाट्याच्या पुळणीवर उभं राहून बादली भरायची असेल तर तिथे काजळी नदीचं पाणी येऊन मिळतं, आणि मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींचं डिझेल. जून लागला की किनाऱ्यालगतच्या पाण्याची क्षारता घसरते, ते गढूळ होतं आणि होड्याही वर ओढलेल्या असतात. टाकीला मात्र पाणी बाराही महिने सारखंच लागतं. म्हणून मीठ घ्याच.

आता दुकानदार. 'प्रो' या शब्दावर जाऊ नका. ट्रॉपिक मरीनचं प्रो रीफ आणि रेड सीचं कोरल प्रो, दोन्हींवर तोच शब्द आहे, आणि दोन्ही वेगळ्या कामाची आहेत. फरक अल्कलिनिटीचा, म्हणजे कोरल सांगाड्यासाठी वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणाचा; ती डीकेएच या एककात मोजतात. पहिल्याची अल्कलिनिटी समुद्राच्या जवळपास, म्हणजे ७ ते ८ डीकेएच. दुसऱ्याची १२ च्या आसपास. रेड सीचंच निळ्या बादलीतलं साधं मीठ पुन्हा ८ वर येतं, आणि इन्स्टंट ओशन नावाचं मीठ ८ आणि १२ च्या मधे, पण वरच्या अंगाला. (खऱ्या समुद्रात ती सुमारे ७ असते.) तेव्हा डब्यावर आधी अल्कलिनिटी किती दिली आहे ते शोधा, मग कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. बाकीची जाहिरात वाचली नाही तरी चालेल.

जास्त अल्कलिनिटीचं मीठ कोणासाठी? ज्यांच्या टाकीत दगडी कोरल भराभर वाढतात आणि रोज अल्कलिनिटी खातात, त्यांच्यासाठी. तुमची झोअँथिड आणि मशरूम सांगाडा बांधतच नाहीत. लेदर कोरलच्या अंगात चुन्याचे बारीक कण असतात, त्याला लागतं ते थोडंच. तुम्हाला ८ डीकेएचच्या आसपासचं साधं मीठ पुरेसं आहे, आणि ते बहुधा स्वस्तही पडेल. वाचलेल्या पैशात अल्कलिनिटीचं टेस्ट किट घ्या.

किटवर माझा इतका भर का, ते हिशोबानेच सांगते. तुमच्या टाकीत ८ डीकेएच आहे आणि नव्या मिठाच्या पाण्यात १२. दर आठवड्याला १५ लिटर बदललंत तर टाकी ०.४ ने वर जाईल. कोरलना त्याचा पत्ताही लागणार नाही. पण गणपतीला आठ दिवस गावी गेलात, परत आल्यावर पाणी खराब वाटलं आणि एकदम अर्धी टाकी बदललीत, तर ८ चे थेट १० होतात. अशा उडीने कोरल मिटून बसतात. म्हणून नवं मीठ आणलं की पहिल्या दोन-तीन वेळा थोडंथोडंच पाणी बदला, आणि प्रत्येक वेळी आधी नवं पाणी तपासा, मग टाकीचं. मी वापरते त्या किटमध्ये पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत निळा रंग पिवळा होईपर्यंत मोजायचं असतं. एक थेंब म्हणजे एक डीकेएच. दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर धरून बघा, ट्यूबलाइटखाली पिवळा रंग फसवतो.

मीठ कुठलंही घेतलंत तरी ते कुठल्या पाण्यात विरघळवता त्याला तेवढंच महत्त्व आहे. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी गोड असतं, पण त्यात लोह येऊ शकतं आणि आजूबाजूच्या बागांचं खतही उतरतं. खाडीकाठच्या बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. घरच्या आरओचं पाणी त्यापेक्षा बरं, पण चवीसाठी खनिजं घालणारा नळकांडा असेल तर त्याच्या आधीच पाणी काढून घ्या. सगळ्यात चांगलं आरओडीआयचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या फिल्टरचं), टीडीएस म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप शून्य दाखवणारं. आणि हे नक्की लक्षात ठेवा : तांब्याच्या हंड्यात किंवा बंबात ठेवलेलं पाणी टाकीला कधीही घालू नका. आपल्याला ते आरोग्याचं वाटतं, कोरल, कोळंबी आणि गोगलगाईंना तांबं मारून टाकतं.

मिसळताना आधी पाणी घ्या, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) चालू करा आणि मीठ वरून थोडंथोडं सोडा. मिठावर पाणी ओतलं की तळाशी दाट द्रावण होऊन कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरतात, आणि बादलीच्या बुडाला पांढरा थर बसतो. तो बसलेला भाग पुन्हा विरघळत नाही. पाणी गरमही करू नका, त्यानेही तेच होतं. पंधरा लिटरला साधारण ५५० ते ६०० ग्रॅम मीठ लागेल, पण शेवटचा शब्द रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणाचा : क्षारता ३५ (हजार भागांत ३५ भाग क्षार), किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणावर जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य जुळलं म्हणजे वरचा आकडा बरोबर असेलच असं नाही.

प्रश्न : मालवणला किल्ल्याजवळ मेलेल्या प्रवाळाचे तुकडे मिळतात. ते फिल्टरमध्ये घातले तर कॅल्शियम मिळत राहील आणि स्वस्तातलं मीठ चालेल, असं एकाने सांगितलं. – एक वाचक, कुडाळ

उत्तर : कृपा करून ते तुकडे उचलू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. मालवणचा तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे खडकांवर जे प्रवाळ शिल्लक आहेत ते आपल्या जिल्ह्याचं धन आहे, आणि मेलेल्या तुकड्यांवरही नवे जीव धरतात. शिवाय तुम्हाला हवं ते घडणारही नाही. रीफ टाकीचा पीएच ८ च्या वर असतो, त्या पाण्यात चुना विरघळत नाही. ते तुकडे फिल्टरमध्ये नुसते पडून राहतील आणि त्यांत घाण साठेल.

प्रश्न : मे महिन्यात वीस किलोची बादली घेतली. जुलैत उघडली तर मिठाचा दगड! फेकून देऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : लगेच फेकू नका. रीफच्या मिठात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड असतात, ते हवेतलं पाणी ओढतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात झाकण जरासं सैल राहिलं तरी पुरतं. ओल लागली की डब्यातल्या डब्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन अल्कलिनिटी कमी होते. तेव्हा एक ढेकूळ फोडून पाच लिटर पाण्यात ३५ क्षारतेपर्यंत विरघळवा, रात्रभर फिरू द्या आणि सकाळी अल्कलिनिटी मोजा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा एखादा डीकेएच कमी आला आणि तळाशी फारसं काही उरलं नाही, तर खुशाल वापरा. ओलं मीठ वजनावर मोजू नका, त्यात पाण्याचंही वजन असतं. अल्कलिनिटी ५-६ वर आली असेल आणि बुडाला पांढरी भुकटी बसत असेल, तर मात्र ते मीठ रीफला नको.

पुढच्या वेळी मीठ आणल्या आणल्या, कोरड्या दिवशी दुपारी बादली उघडा. त्याआधी ती बंद असतानाच आडवी करून चांगली लोळवा, कारण घाटातून ट्रकमध्ये हादरे खात येताना बारीक कण खाली जातात आणि वरचं-खालचं मीठ सारखं राहत नाही. मग दोन-दोन किलोच्या जाड पिशव्या भरून हवा काढून बंद करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. एका वेळी एकच पिशवी उघडायची. तुमची टाकी साठ-सत्तर लिटरची असेल तर वीस किलो घेऊच नका, मृगापूर्वी चार किलोचा पुडा आणि दसऱ्यानंतर दुसरा, एवढं पुरतं.